दीड वेढा कापलेली पॅलिओ

पिवळी नाहीये, आधीच सांगतो. फियाटची पॅलिओ म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो, सचिनची सही असलेली ती पिवळी एस१० का रे, तर नाही, आपली साधी लाल जीटीएक्स, १.६ लिटर इंजिनवाली, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आता हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर घरात एकमत नाही, चार दरवाजे आणि मागच्या सीटवर आई म्हटल्यावर कसली स्पोर्ट्स कार, पण साध्या मारुती ८०० ला ३७ बीएचपी ताकद असायची त्या काळात हॅचबॅकमध्ये १०० म्हणजे काय होतं ते तेव्हा गाडी चालवणाऱ्यांना विचारा.

मी नाशिकचा, गाडी पुण्याहून घेतली (टोमणे नकोत). आधीच्या मालकाने ती मस्त खाली बसवली होती, १५ इंची काळे अलॉय, टायर आणि मडगार्डच्या मधे दोन बोटं जेमतेम जातील एवढीच फट. फोटोत अशी काही दिसायची की मी चाकाखाली डोकं घालून बघितलंच नाही. अ‍ॅडव्हान्स दिला, आणि येताना संगमनेरच्या पुढे कळायला लागलं की रस्त्यातला प्रत्येक जोड मणक्यापर्यंत पोचतोय, ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतंय, आणि नाशिकरोडला पहिल्याच गतिरोधकावर खालून असा खर्रकन आवाज आला की बाजूच्या रिक्षावाल्याने तोंडाने च्च केलं.

दुसऱ्या दिवशी आईला गंगापूर रोडला बहिणीकडे सोडलं. उतरताना कंबर धरून म्हणाली, यापेक्षा तुझ्या बाबांची प्रिया स्कूटर बरी होती, निदान खड्डा दिसला की उठून उभं राहता यायचं.

मग उस्तादांकडे, म्हणजे आमच्या मेकॅनिककडे गेलो. नाशिकला हा एक फायदा आहे, इथे रॅलीचा नाद जुना आहे, रॅली ऑफ महाराष्ट्र इथल्याच रस्त्यांवर व्हायची, त्यामुळे शॉकअप म्हणजे नुसतं तेल गळलं की बदलायची नळी नव्हे हे कळणारे दोनचार हात गावात अजून आहेत. त्यात अंबडला गॅब्रिएलचा कारखाना, म्हणजे टू-व्हीलरचे शॉकअप जिथे बनतात ते आपलं गाव, आणि आपण चारचाकीत बैलगाडीसारखे हादरतोय. उस्ताद बोलतात कमी. गाडी जॅकवर घेतली, चाक लटकलं, आणि पुढची स्प्रिंग त्यांनी दोन बोटांनी गोल फिरवून दाखवली. गोल! बाटलीचं झाकण फिरवावं तशी. "साहेब, ही बसलेली नाहीये, ठेवलेली आहे." खालच्या टोकाला ग्राइंडरची खूण स्वच्छ दिसत होती. दीड वेढा कापलेला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण मलाही तेव्हाच नीट कळलं. स्प्रिंग कापली की गाडी खाली बसते हे सगळ्यांना दिसतं, पण त्याच वेळी स्प्रिंग कडक पण होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या उलट्या प्रमाणात असतो. समजा पाच वेढे काम करतायत आणि त्यातला दीड उडवला, तर पाच भागिले साडेतीन, म्हणजे जवळजवळ ४३ टक्के जास्त कडक. वरून वर-खाली व्हायची जागा पण तेवढीच कमी झाली, आणि शॉकअप मात्र जुनाच, जो मुळात मऊ स्प्रिंगला आवरायला बनवलाय. म्हणजे दाबताना कडक, सुटताना बेलगाम. आणि चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग सैल, एखाद्या मोठ्या खड्ड्यात ती जागेवरून सरकली तर काय होईल याचा विचार मी पुणे ते नाशिक केला नव्हता हे बरंच झालं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॉर्नरिंगलाही फायदा नाही. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, तिथे लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, चाकाकडे किंचित उतरता असावा लागतो. गाडी फार खाली घेतली की तोच आर्म चाकाकडे चढता होतो, मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर वजनाच्या मध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातो, म्हणजे गाडी खाली गेली आणि कलण्याचा जोर उलट वाढला. तो जोर दाबून धरतो फक्त त्या कापलेल्या स्प्रिंगचा कडकपणा. फोटोसाठी केलेलं काम ते, दुसरं काही नाही.

थरथरीचं कारण त्याहून भारी निघालं. फियाटच्या चाकाला चार बोल्ट, त्यांचा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ९८ मिमी, आणि बाजारात मिळणारे बहुतेक चार बोल्टचे अलॉय १०० चे. दोन मिलिमीटरचा फरक. बोल्ट तिरके घुसवून आवळले की बसतात, आणि चाक कधीच बरोबर मधोमध येत नाही. बॅलन्सिंग कितीही करा. ते अलॉय त्याच दिवशी काढले आणि ओळखीतून १४ इंची ओरिजिनल अलॉय शोधले, टायरची बाजू उंच झाली, आणि खरं सांगतो, निम्मा आराम तिथेच मिळाला. कोणी विचारलं की पहिला खर्च कशावर करू तर टायर.

आता माझी चूक. उस्तादांकडे महिनाभर नंबर लागत नव्हता म्हणून मी मधल्या काळात लोअर आर्म दुसऱ्या एका गॅरेजमधे बदलून घेतले, कारण जुन्या बुशमधे टॉमी (छोटी पहार) घातली की आर्म पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. नवीन जोडी, पावती, सगळं व्यवस्थित. चार महिन्यांत परत टकटक सुरू. उस्तादांनी बघितलं तर बुशचं रबर पिळून फाटलेलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, बोल्ट आवळले तेव्हा गाडी लिफ्टवर होती की जमिनीवर? लिफ्टवर, अर्थात, मी समोर उभा राहून बघत होतो.

हे नीट लक्षात ठेवा, कारण यात पैसे काही लागत नाहीत. बुश म्हणजे बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मधे दोन्हीला चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमधे फिक्स झाली, त्यानंतर आर्म जेवढा वर-खाली होणार तेवढा रबराला पीळ पडणार. चाक लटकलेलं असताना आवळलात आणि मग गाडी खाली सोडलीत तर गाडी नुसती उभी असताना पण रबर पिळलेलंच. म्हणून बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचारदा दाबून बसवायची आणि मग खाली घुसून शेवटचं आवळायचं. अवघड जागेत हात घालावा लागतो, म्हणून लोक टाळतात.

स्प्रिंगांसाठी एका रविवारी कसारा उतरून कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं काय मिळत नाही, पण काय मिळतंय हे आपल्याला कळलं पाहिजे. पहिल्या दुकानात एकाने पॅलिओच्याच म्हणून जोडी दिली, दिसायला सारखी, फक्त वायर जरा जाड वाटली. उस्तादांना फोन लावला तर म्हणाले जाडी मोजायचा व्हर्नियर आहे ना, मग डोळ्याने काय मोजताय, आणि ती डिझेलची असेल, ठेवा खाली. डिझेल इंजिन जड म्हणून त्याची स्प्रिंग कडक. आणि वायरची जाडी ही फसवी गोष्ट आहे, कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे १२ ऐवजी साडेबारा मिमी झाली तर डोळ्याला काहीच नाही पण स्प्रिंग साधारण १८ टक्के कडक. मग तिसऱ्या दुकानात बरोबर जोडी मिळाली, रंगाचे ठिपके अजून शाबूत, दोन्हींची उंची सारखी. येताना खर्डीला वडापाव खाल्ला, डिकीत स्प्रिंगा खडखडतायत, आणि मी लग्नाचा बस्ता घेऊन निघाल्यासारखा खूश.

शॉकअप चारही नवे घेतले, ओरिजिनल लांबीचे, गॅसवाले. मित्र कॉइलओव्हर, म्हणजे आटे फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप, घे म्हणून मागे लागला होता. उंची अ‍ॅडजस्ट होते, पण मला ती कुठे अ‍ॅडजस्ट करायचीय, कॉलेज रोडला? गॅसवाल्याचा मुद्दा एवढाच की आत नायट्रोजनचा दाब असला की सलग खड्ड्यांत तेलाला फेस येत नाही, आणि फेस आला की शॉकअपचा दम जातो. सिंहस्थाच्या नावाने सगळं गाव खोदलेलं असताना हे गुण कामाचे.

फिटिंगच्या दिवशी मी सुट्टी टाकली. स्ट्रट बाहेर काढून बाकावर घेतला, स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन पंजे समोरासमोर लावले, उस्ताद एकदा इकडे दोन आटे एकदा तिकडे दोन आटे असे दाबत गेले, आणि वरचा नट काढायच्या आधी पोराला आणि मला दोघांना हाताने मागे सारलं. जुन्या कापलेल्या स्प्रिंगला कॉम्प्रेसर लागलाच नव्हता, ती अशीच हातात आली होती. आतला रबरी बफर बोटाने चुरला, खारीच्या चुऱ्यासारखा. माउंटिंगचं बेअरिंग फिरवलं तर वाळू घातल्यासारखं वाजलं, स्टिअरिंग वळवताना येणारा कर्रर आवाज तो होता. बफर, माउंटिंग, लिंक रॉड, सगळं नवीन. पॉलीयुरेथेनचे बुश घ्यावेत का असं मी विचारलं, तर म्हणाले रॅलीला घ्या, रोज आईंना देवळात न्यायचं असेल तर रबर.

बाकी अलाइनमेंट लगेच नाही केली, स्प्रिंगा बसू दिल्या, दोनशे-अडीचशे किलोमीटरनंतर केली. पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून बघताना चाक आत-बाहेर किती वळलंय ते) सेट होतो, कॅम्बर (समोरून बघताना चाक किती तिरकं आहे ते) जो येईल तो. तो दोन्हीकडे सारखा आला तेव्हा उस्ताद पहिल्यांदा हसले. टायर धरून सगळा खर्च पन्नास हजारांच्या आत बसला. यातला "अपग्रेड" म्हणावा असा भाग फक्त शॉकअप, बाकी सगळं कंपनीने दिलं होतं तेच परत मिळवलं, आणि आरटीओत १५ वर्षांनंतरच्या पासिंगला पण तेच सोयीचं, कारण गाडीत मनाला येईल तो बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतंच.

मग पहाटे एकटा गिरणारेला गेलो. दुगावच्या पुढे रस्ता द्राक्षबागांमधून वळत जातो, ट्रॅक्टर अजून निघाले नव्हते. वळणात गाडी थोडी कलते, आता आधीपेक्षा जास्त कलते हे खरंय, पण कलून एका जागी थांबते आणि तिथेच राहते, मधेच खड्डा आला तरी रेष सोडत नाही. आधी तीच गाडी त्याच वळणात बाजूला उडी मारायची. गावातल्या गतिरोधकावर मुद्दाम जरा जोरात गेलो. धप्प. एकदाच. वर गेली, खाली आली, संपलं.

आईला मात्र अजून पूर्ण पटलेलं नाही. मागून एक बारीक किरकिर येते, मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीमचे बुश आहेत ते, आणि चांगल्या रबराचे कुठे मिळेनात. कुर्ल्याला परत चक्कर होईल. कापलेल्या स्प्रिंगा तिने गच्चीवर नेल्यात, एकीवर कोरफडीची कुंडी बसलीये, दुसरी कुंडी ठेवली की कलते.