अंगठा उचलला की यान गोल गोल

गेमचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की त्याचे भक्त धावून येतात आणि मुद्दा राहतो बाजूला. अंतराळातला गेम आहे एवढं पुरे: यान उडवायचं, माल वाहायचा, चाचे आडवे आले की त्यांना उडवायचं. सगळा कारभार कीबोर्ड आणि माऊसवर. कंट्रोलर जोडला तर मेनूतली एक ओळसुद्धा हलत नाही. आणि मला तो स्टीम डेकवर (स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानाचा, हातात धरून खेळायचा संगणक), टेबल-खुर्ची सोडून, लोळत खेळायचा होता.

इन्स्टॉल करणं, प्रोटॉनवर (विंडोजचे गेम डेकवर चालवणारी सोय) सुरू होणं, यातलं काहीच अडलं नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. गेम डेकवर कितपत चालतो ते सांगायला स्टीम खूण देतं; ती हिरवी नसून पिवळी ‘प्लेएबल’ची असेल तर समजून जा की गेम चालतो, पण थोडंफार तुमचं तुम्हाला जमवून घ्यावं लागणार. इथे ‘थोडंफार’ म्हणजे यानाचं अख्खं सुकाणू होतं.

स्टीम इनपुट, म्हणजे बटणांची कामं ठरवायची स्टीममधली सोय. तिची कल्पना सोपी आहे. डेकवरची बटणं, दोन स्टिक, दोन ट्रॅकपॅड, मागची चार बटणं (एल४, एल५, आर४, आर५), जायरो (यंत्र कलवलेलं ओळखणारा सेन्सर), यांपैकी कशालाही कीबोर्डची कळ किंवा माऊसची हालचाल नेमून देता येते. गेम बिचारा समजतो की समोर कीबोर्ड-माऊसच आहे. ही व्यवस्था २०१५ साली स्टीम कंट्रोलरबरोबर आली आणि २०२२ साली आलेल्या डेकला ती आयतीच मिळाली. त्यात कीबोर्ड-माऊसचं तयार टेम्प्लेट असतं: डाव्या स्टिकवर डब्ल्यू-ए-एस-डी (पुढे-मागे-बाजूला जायच्या कळा), उजव्या ट्रॅकपॅडवर माऊस. ते लावलं. मेनू चालला, स्टेशनातून यान बाहेर पडलं, पहिला चाचा दिसला, मी त्याच्याकडे वळले, गोळ्या झाडायला अंगठा उचलला, आणि यान वळतच राहिलं. वळतच राहिलं. चाचा पडद्याच्या एका कडेनं आत यायचा आणि दुसऱ्या कडेनं बाहेर जायचा.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं नाही तर नुसती सेटिंगं हलवत बसाल. बंदुकीच्या गेममध्ये माऊस जेवढा सरकवाल तेवढंच तोंड वळतं. हात थांबला की वळणं थांबलं. या जातीच्या अंतराळ गेममध्ये तसं नसतं. कर्सर पडद्याच्या मध्यापासून किती लांब आहे त्यावर यान किती वेगानं वळायचं ते ठरतं. कर्सर उजव्या कडेला नेऊन ठेवलात तर यान जन्मभर उजवीकडे वळेल. थोडक्यात, माऊस हा इथे माऊस नाहीच, सुकाणू आहे. २००३ साली आलेल्या फ्रीलान्सर या अंतराळ गेममध्ये तर जॉयस्टिकची सोयच नव्हती, तिथेही यान असंच माऊसनं उडवायचं. टेबलावर हे जड जात नाही, कारण हात सतत माऊसवर असतो आणि कर्सर मध्यावर आणायचं काम तो न सांगता करत असतो. हातात धरायच्या यंत्रावर मात्र उजव्या अंगठ्याला ट्रॅकपॅडही सांभाळायचा आणि ए-बी-एक्स-वाय ही बटणं पण दाबायची. तो उचलला जाणारच. उचलला की कर्सर जिथे होता तिथे, आणि यान भोवऱ्यासारखं.

यावर जे जे उपाय वाचले ते सगळे करून पाहिले. चिडायला मला वेळ लागत नाही, त्यामुळे पुढचं थोडं चिडून लिहिलंय.

पहिला सल्ला मिळतो तो ट्रॅकबॉल मोड बंद करण्याचा. तो चालू असला तर बोट उचलल्यावरही कर्सर घरंगळत पुढे जातो. बंद कराच, या गेममध्ये त्याचा उपद्रवच आहे. पण त्यानं फक्त घरंगळणं थांबतं, कर्सर मध्यावर काही येत नाही.

दुसरा सल्ला: ट्रॅकपॅड सोडा, उजव्या स्टिकवर ‘जॉयस्टिक माऊस’ लावा. लावला. स्टिक कलली की कर्सर चालू लागतो, स्टिक सोडली की कर्सर आहे तिथे थांबतो. म्हणजे वळण थांबवायला स्टिक उलट्या बाजूला नेमकी तेवढाच वेळ दाबून धरायची आणि मध्य आला की सोडायची. समोरून गोळ्या येत असताना हे कुणाला जमत असेल त्याला माझा नमस्कार. वर ‘सेन्सिटिव्हिटी कमी करून बघा’ म्हणणारे भेटतात. कमी केली. आता तोच गोंधळ सावकाश होऊ लागला.

तिसरा उपाय गेमच्या आतला. माऊसनं उडणं चालू-बंद करायची एक कळ गेममध्ये असते. कुणीतरी शक्कल काढली होती: ट्रॅकपॅडला बोट लागलं की ती कळ, बोट सुटलं की पुन्हा तीच कळ. ऐकायला फार हुशार वाटतं. पण ती कळ टॉगल आहे, म्हणजे एका दाबात चालू, पुढच्या दाबात बंद. एकदा जरी चुकून बोट घाईत लागून सुटलं आणि गेमनं दोनपैकी एकच दाब पकडला की सगळं उलटं होतं. मग बोट टेकवलं की सुकाणू बंद, उचललं की चालू. सुलट करायला मेनूत जाऊन या.

गेममधला माऊसचा डेडझोन वाढवणं हा चौथा. त्यानं मधला बराच भाग निष्क्रिय होतो, यान शांत राहतं आणि त्याच बरोबर बारीक वळणंही जातात. जायरो हा पाचवा, तोही माऊसच असल्यामुळे दुखणं तेच, शिवाय कुशीवर वळले की यानही कुशीवर.

इतरांनी बनवून ठेवलेल्या बटणांच्या मांडण्यांचं काय, तर त्यातली सर्वांत लोकप्रिय मांडणी मी उतरवून घेतली. प्रत्येक बटणावर तीन-तीन कामं, थरावर थर, चिन्हं रंगीत. बनवणाऱ्यानं मेहनत घेतली होती हे दिसत होतं. माऊस मात्र त्याच ट्रॅकपॅडवर आणि यान तसंच गरगरत. वापरणाऱ्यांनी खाली अंगठे वर केलेले. बहुधा उडवायला जायच्या आधीच.

उत्तर त्याच यादीत होतं ज्या यादीतून मी ‘जॉयस्टिक माऊस’ निवडला होता. नाव ‘माऊस रीजन’. जिथे जिथे त्याबद्दल वाचलं होतं तिथे उदाहरण एकच: डावपेचांच्या गेममध्ये कोपऱ्यातला छोटा नकाशा ट्रॅकपॅडवर बसवायचा. म्हणून त्याकडे कुणी अंतराळासाठी बघत नाही. पण ते करतं काय ते बघा. पडद्यावर एक चौकट ठरते आणि स्टिकची जागा म्हणजे कर्सरची त्या चौकटीतली जागा. स्टिक पूर्ण उजवीकडे, तर कर्सर चौकटीच्या उजव्या कडेला. स्टिक अर्धी कललेली, तर कर्सर अर्ध्यावर. आणि स्टिक सोडली की तिच्या आतली स्प्रिंग तिला मध्यावर आणते, तिच्याबरोबर कर्सरही मध्यावर येतो, आणि यान सरळ होतं. ज्या कामासाठी माझा अंगठा राबत होता ते काम एका स्प्रिंगनं केलं. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा स्टिक सोडून बघत होते, शत्रू नव्हता तरी.

ते नुसतं निवडून भागत नाही, चौकट नीट बसवावी लागते. डेकचा पडदा १२८० बाय ८०० आहे. चौकट सगळ्या पडद्याएवढी ठेवली तर स्टिकच्या इवल्याशा हालचालीत कर्सर पडदा ओलांडतो आणि नेम धरवत नाही, कारण तोफा कर्सरकडेच झाडतात. उंचीच्या साधारण निम्म्यावर आणा, मग चव घेत घेत वाढवा. आडवं आणि उभं प्रमाण वेगवेगळं बदलता येतं, तेव्हा चौकट चौरसाच्या जवळ ठेवा, नाहीतर आडवं वळण झपकन आणि उभं वळण रेंगाळत होतं. चौकटीचा मध्य पडद्याच्या मध्यावर ठेवायचा हे उघड आहे, पण यान पाठीमागून दिसत असेल तर काही गेममध्ये सरळ जाण्याचा बिंदू थोडा वर असतो. हात सोडून यान बघा. नाक हळूहळू खाली किंवा वर झुकत असेल तर उभी जागा एकेक पायरी सरकवा. गेममधला माऊसचा डेडझोन पूर्ण शून्यावर नेऊ नका, स्टिक अगदी नेमक्या मध्यावर परतेलच असं नाही.

नेमासाठी आणखी एक गोष्ट, आणि ही माझी आवडती. एल२ (डावीकडचा ट्रिगर) दाबून धरलं असताना उजव्या स्टिकला ‘मोड शिफ्ट’, म्हणजे तेवढ्यापुरतं वेगळं काम, द्या आणि त्यात पुन्हा माऊस रीजनच ठेवा, फक्त चौकट छोटी. दुर्बिणीतून पाहिल्यासारखा नेम बारीक होतो. दूरच्या, स्थिर लक्ष्याला फार उपयोगी. एल२ दाबताना कर्सर मध्याकडे उडी मारतो, तेवढी सवय करून घ्यावी लागते.

ही सगळी खटपट उडताना. मेनू आणि नकाशात हेच माऊस रीजन डोक्यात जातं, कारण तिथे कर्सर मोकळा फिरायला हवा आणि स्टिकला धक्का लागला की तो चौकटीत ओढला जातो. म्हणून दोन ॲक्शन सेट, म्हणजे बटणांच्या कामांचे दोन वेगळे संच: एक ‘यान’, एक ‘नकाशा’. नकाशात उजवा ट्रॅकपॅड साधा माऊस, स्टिकला काहीच काम नाही. इथे सगळे सांगतात की नकाशा उघडणाऱ्या बटणावरच सेट बदलण्याची आज्ञाही जोडा. नका जोडू. गेम स्टीमला काहीही कळवत नाही. नकाशा एस्केपनं बंद केला, किंवा स्टेशनात शिरल्यावर मेनू आपोआप उघडला, की बटण एक सांगतं आणि पडदा दुसरंच. सेट बदलायला आर५ स्वतंत्र ठेवा, त्यावर गेमची एकही कळ नको. चुकीचा सेट लागला तर एका दाबात बरोबर होतो.

उरलेलं भराभर. डाव्या स्टिकवर डब्ल्यू-ए-एस-डी ठेवलं की स्टिक हलकी कललेली असो वा पूर्ण, गेमला कळ दाबलेली इतकंच कळतं. त्यामुळे वेग कमी-जास्त करायला स्टिकवर विसंबू नका. पण स्टिक कडेला टेकली की एक जादा कळ पाठवता येते, त्याला बाहेरच्या कड्याची आज्ञा म्हणतात. तिथे आफ्टरबर्नर (जादा वेगाचा झटका) बसवला. डाव्या ट्रॅकपॅडवर गोल मेनू: जवळचा शत्रू, पुढचं लक्ष्य, डॉकिंगची (स्टेशनात शिरण्याची) परवानगी, प्रवासाचा वेग, असं. प्रत्येक खाचेला नाव देता येतं, ते द्या, नाहीतर महिनाभरानं उघडलंत तर एफ-नऊ म्हणजे काय ते आठवणार नाही. नावं छोटी ठेवा, आणि सात इंची पडद्यावर गेमचीच अक्षरं दिसत नसतील तर स्टीमचं बटण आणि एल१ एकत्र धरून भिंग उघडतं.

आर२ च्या हलक्या दाबावर तोफा आणि पूर्ण दाबावर क्षेपणास्त्र ही कल्पना बऱ्याच जणांना सुचते. झटापटीत बोट कधीच हलकं राहत नाही आणि क्षेपणास्त्रं महाग असतात. ती एल४ वर, तोफांपासून लांब.

लाँग प्रेसबद्दल सांगायचं राहिलंच. एखाद्या बटणाला लांब दाबाचं वेगळं काम दिलंत की त्याचं साधं काम बटण सोडल्यावरच होतं, कारण तुम्ही लांब दाबणार आहात की नाही हे स्टीमला आधी कळायला हवं. तोफ, आफ्टरबर्नर, बचावाची उडी यांपैकी कशालाही लांब दाब जोडू नका. नकाशा, दिवे, यादी अशा निवांत गोष्टींना चालतो.

आणि कंट्रोलरची नक्कल करणारी आज्ञा या मांडणीत कुठेही मिसळू नका, एकसुद्धा. काही गेम कीबोर्ड आणि कंट्रोलर एकाच वेळी आल्यावर गोंधळतात आणि दर क्षणी आपला पवित्रा बदलतात.

मांडणी जमली की लगेच स्वतःच्या नावानं वेगळी साठवा, मगच पुढचे प्रयोग करा. बदल आपोआप साठत जातात, आणि ‘कालची बरी होती’ म्हणून मागे जायला काही उरत नाही.

एवढं करूनही वर-खाली सरकण्याच्या दोन कळा माझ्या मांडणीत अजून कुठेच बसलेल्या नाहीत. एल५ वर कलणं आहे, खांद्याच्या बटणांवर लक्ष्यं आहेत, आणि ते हलवायला मी तयार नाही. स्टेशनाच्या दारातून आत शिरतानाच त्यांची गरज पडते. तिथे मी ऑटोपायलट लावते.