एक सम्राट, एक पान : वहीचं तिसरं शतक

मंडळी, काल रात्री रोमन सम्राटांच्या वहीचं एक्केचाळिसावं पान पुरं झालं. ऑरेलियन. मागची नोंद सव्विसाव्या पानाची होती, सेव्हेरस अलेक्झांडरची. मध्ये नऊ महिने गेले. एवढा वेळ का लागला ते सविस्तर सांगतो, कारण तिसऱ्या शतकाशी तुमच्यापैकीही काही जण झुंजत आहेत हे मला ठाऊक आहे.

नव्यांसाठी वहीचा नियम पुन्हा सांगतो. दर सम्राटाला एक पान. डावीकडे त्याच्या नाण्यावरच्या चेहऱ्याचं पेन्सिलचित्र, उजवीकडे कारकिर्दीतल्या ठळक गोष्टी, तळाशी एकच ओळ : शेवट कसा झाला. बापाबरोबर नावापुरता सम्राट झालेला मुलगा बापाच्याच पानावर. याला गेटा अपवाद, कारण सख्ख्या भावाने मारलेल्या माणसाला स्वतःचं पान द्यावंसं वाटलं. या हिशेबाने इ. स. पूर्व २७ ते इ. स. २३५ या २६१ वर्षांत २६ पानं होतात. आणि २३५ ते २८४ या ४९ वर्षांत? २१. शिवाय यात गॉलमधले (म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे), सीरियातल्या पाल्मायरा शहरातले आणि सीमेवर चार दिवस सम्राट म्हणवून घेतलेले कुणीच धरलेले नाहीत.

सुरुवातीला मी ही पानं उरकायच्या बेतात होतो. मॅक्सिमिनस थ्रॅक्स झाला, त्याचा जबडा काढायला मजा आली. त्याची पहिली नाणी पाहिलीत तर चेहरा बराचसा आधीच्या अलेक्झांडरसारखाच वाटतो. साच्यावर कोरणाऱ्यांना नवा सम्राट दिसतो कसा हे बहुधा कळलेलंच नव्हतं. पुढच्या नाण्यांवर मात्र हनुवटी पुढे येत जाते. मी दोन्ही चेहरे शेजारी शेजारी काढले आहेत.

मग २३८ साल आलं. एका सालात सहा सम्राट. आफ्रिकेतले दोन गॉर्डियन, बाप आणि लेक, तीन आठवडेच टिकले. सिनेटने निवडलेले प्युपिएनस आणि बॅल्बिनस तीन महिन्यांच्या आसपास. मॅक्सिमिनसला अक्विलियाच्या वेढ्यात त्याच्याच सैनिकांनी मारलं. उरला तेरा वर्षांचा तिसरा गॉर्डियन. चित्रांच्या दृष्टीने प्युपिएनस आणि बॅल्बिनस ही जोडी काढाच. एक लांब दाढीचा, गाल बसलेला, दुसरा गुबगुबीत, गळ्याला वळ्या पडलेला. त्यांची अशीही नाणी आहेत ज्यांच्या मागच्या बाजूला दोन हात एकमेकांत गुंफलेले दिसतात, एकोप्याची खूण म्हणून. प्रत्यक्षात दोघांचं पटत नव्हतं, आणि राजरक्षकांनी दोघांना एकाच दिवशी मारलं. गुंफलेले हात काढताना माझी पेन्सिल थोडी थांबली होती.

फिलिप अरब, डेसियस, गॅलस, एमिलियन ही पानं त्या मानाने लवकर झाली. फिलिपच्या पानावर पाणघोडा आहे. २४८ साली रोमला एक हजार वर्षं झाली म्हणून त्याने मोठा उत्सव केला आणि त्या निमित्ताने सिंह, हरीण, पाणघोडा, रोमची लांडगी अशी नाणी पाडली. सीरियातल्या एका लहान गावात जन्मलेल्या माणसाच्या हातून रोमची सहस्रपूर्ती व्हावी, हे मला फार मोलाचं वाटतं. डेसियसच्या पानावर इजिप्तमधल्या पपायरसच्या तुकड्यांची नोंद आहे. त्याने सगळ्या प्रजेला देवांना बळी वाहायला लावलं आणि तसा दाखला घ्यायला लावला. ते दाखले आजही वाचता येतात. २५१ मध्ये अब्रिटसला तो गॉथांशी लढताना पडला. परकीय शत्रूशी लढताना रणात मारला गेलेला हा पहिला रोमन सम्राट.

आणि मग अडतिसावं पान. गॅलिएनस.

माझा एका पानाचा नियम इथे मोडला. या पानाला मी कागद जोडत गेलो, आता त्याच्या चार घड्या झाल्या आहेत. कारण असं की जुन्या लेखकांनी रंगवलेला गॅलिएनस आणि नाण्यांवरचा गॅलिएनस हे दोन वेगळे पुरुष वाटतात. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ हा सम्राटांच्या चरित्रांचा जुना लॅटिन ग्रंथ म्हणतो की साम्राज्याचे तुकडे होत असताना तो गुलाबांच्या खोल्या सजवत होता, सफरचंदांचे किल्ले रचत होता, भर हिवाळ्यात खरबुजं खाऊ घालत होता. हाच ग्रंथ आपण सहा लेखकांनी लिहिल्याचं सांगतो, आणि १८८९ साली जर्मन अभ्यासक हेरमान डेसाऊने दाखवून दिलं की हे सारं एकाच हाताचं काम असावं. त्यातली कित्येक पत्रं आणि कागदपत्रं रचलेली आहेत. तरी ती खरबुजं शतकानुशतकं गॅलिएनसच्या नावाला चिकटून राहिली.

मी उजव्या बाजूला नुसती सालं लिहायला घेतली, आणि हात जड झाला. २५८ च्या सुमारास मोठा मुलगा गेला. २६० मध्ये बाप, सम्राट व्हॅलेरियन, एडेसाजवळ इराणी शाह शापूरच्या हाती जिवंत सापडला. असं कुठल्याही रोमन सम्राटाच्या वाट्याला आलं नव्हतं. इराणमधल्या नक्श-ए-रुस्तमच्या कातळावर शापूर घोड्यावर बसलेला आहे आणि त्याच्यासमोर पराभूत रोमन सम्राट. त्याच साली कोलोनला धाकटा मुलगा सॅलोनिनस मारला गेला. त्याला मारायला लावणारा पोस्ट्युमस गॉल, ब्रिटन आणि स्पेन घेऊन वेगळा झाला. डॅन्यूब नदीकाठी इंजेन्युअस बंड करून उठला, मग रेगालियानस. पूर्वेला मॅक्रिअनस. वर साथीचा रोग दहाएक वर्षांपासून चालूच होता. दोन मुलं आणि बाप, सगळे दोनतीन वर्षांत. असा माणूस पुढे आठ वर्षं एकट्याने राज्य चालवतो. बापाबरोबरची धरली तर पंधरा. त्या काळात दोन वर्षं टिकणंही नशिबाचं होतं.

त्याने केलं काय? सैन्याच्या मोठ्या जागा सिनेटच्या घराण्यांकडून काढल्या आणि शिपायातून वर चढलेल्या माणसांना दिल्या. मिलानला घोडदळाचा मोठा तळ ठेवला, म्हणजे आल्प्समधून कुणी खाली उतरला की लगेच गाठता यावा. बापाने सुरू केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला, त्यांची प्रार्थनास्थळं परत दिली. तत्त्वज्ञ प्लोटायनसला त्याच्या दरबारी मान होता. पुढे साम्राज्य सावरणारे दुसरा क्लॉडियस, ऑरेलियन हे सगळे त्याच्याच सैन्यातले. मग इतका राग का? माझं मत स्पष्ट आहे. इतिहास लिहिणारे ज्या वर्गाशी बांधलेले होते, त्याच वर्गाची सेनापतिपदं त्याने काढून घेतली होती. आणि दुसरं, ३१० साली सम्राट कॉन्स्टंटाइनने आपण क्लॉडियसचे वंशज असल्याचं जाहीर केलं. क्लॉडियसला गादी मिळाली ती गॅलिएनसच्या खुनानंतर. आता पूर्वजाचे हात स्वच्छ दिसायला हवेत, तर आधीचा राजा नालायक असणं सोयीचं. माझ्या वहीत मी त्याच्या बाजूने उभा आहे.

त्याचा चेहरा सात वेळा काढला. उत्तरार्धातल्या नाण्यांवर केस कुरळे, मानेवर रुळणारे, दाढी गालांवरून खाली हनुवटीच्या खालपर्यंत आलेली, आणि डोळे किंचित वर. ही नजर जमत नव्हती. शेवटी लक्षात आलं, वरची पापणी जाड आणि बाहुली तिला टेकलेली काढायची, भुवईला हात लावायचा नाही. डोक्यावरच्या किरणांच्या मुकुटासाठी आधी कानाच्या वर एक हलका बिंदू घेऊन त्यातून रेषा काढाव्यात, मग त्या खोडून टाकाव्यात. थेट काढायला गेलं की किरण पंख्याच्या पात्यांसारखे दिसतात. छायाचित्रं मी ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहातून घेतो. प्रकाश डावीकडून वरून पडलेलीच निवडतो, म्हणजे सगळ्या वहीत सावली एकाच बाजूला येते. २बी ची पेन्सिल, केसांसाठी एचबी, बस्स.

एका ओळखीच्या संग्राहक काकांनी त्यांच्याकडचं गॅलिएनसचं खरं नाणं मला दहा मिनिटं हातात दिलं. अँटोनिनियानस हे नाणं कॅराकॅलाने २१५ मध्ये काढलं तेव्हा त्यात निम्म्याच्या आसपास चांदी होती. गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांत ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली, वरून चांदीचा नुसता मुलामा. काकांच्या नाण्यावर तो मुलामा फक्त अक्षरांच्या बेचक्यांत उरलाय, बाकी सगळं तपकिरी. राज्याची तिजोरी कशी रिकामी झाली ते दहा पुस्तकांतून वाचलं होतं, त्या दिवशी ते बोटांना लागलं.

रेगालियानसबद्दल थोडं, कारण इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. हा २६० मध्ये डॅन्यूबकाठी कार्नुंटमला सम्राट झाला. धातू गोळा करून नवी चकती पाडायला त्याला सवडच नव्हती. त्याने आधीच्या सम्राटांची चांदीची नाणी घेतली आणि त्यांच्यावरच आपला आणि बायको ड्रायँटिलाचा ठसा मारला. काही नाण्यांवर खालची जुनी अक्षरं अजून दिसतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेला साठा आठवा. क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेला आपला ठसा. गौतमीपुत्राने ते विजयाच्या दिमाखात केलं आणि रेगालियानसने घाईत, कोंडीत सापडून. पण खालचा चेहरा पुरता पुसला जात नाही, हे दोन्हीकडे सारखंच. वहीत या दोघांची चित्रं मी समोरासमोर चिकटवली आहेत.

आता ऑरेलियन. गॅलिएनसनंतर क्लॉडियसने गॉथांना नायससला हरवलं आणि २७० मध्ये सिर्मियमला रोगाने गेला. शेवटच्या ओळीत ‘आजाराने’ लिहायची संधी या पानांत फार क्वचित येते. त्याचा भाऊ क्विंटिलस काही आठवडेच राहिला. मग पाच वर्षं ऑरेलियनची. २७१ मध्ये रोमभोवती सुमारे १९ किलोमीटरची भिंत बांधायला घेतली. डॅन्यूबपलीकडचा डेशिया प्रांत सोडला. २७२ मध्ये पाल्मायराची राणी झेनोबिया हिचा अँटिओकजवळ आणि एमेसाला पराभव केला, पाल्मायरा घेतलं, ते पुन्हा उठलं तेव्हा २७३ मध्ये पुन्हा घेतलं. २७४ मध्ये गॉलचं वेगळं राज्य परत जोडलं.

चित्रासाठी मी त्याचं अँटिओकचं नाणं निवडलं. एका बाजूला ऑरेलियन, दुसऱ्या बाजूला झेनोबियाचा मुलगा वाबालाथस. टांकसाळीचं अक्षर ऑरेलियनच्या चेहऱ्याखाली आहे, आणि असं अक्षर रिवाजाने मागच्या बाजूला येतं. म्हणजे पाल्मायराच्या लोकांनी रोमच्या सम्राटाला मान तर दिला, पण नाण्याच्या मागे. दोघांचं अजून उघड बिनसलं नव्हतं तेव्हाचं हे नाणं, तरी पुढे काय होणार ते त्यावर लिहिलेलंच आहे. ऑरेलियनने नाण्यांत सुधारणा केली, त्यानंतरच्या त्याच्या नाण्यांवर एकवीसचा रोमन आकडा दिसतो. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ वीस भाग तांब्याला एक भाग चांदी असा लावतात. निदान जे आहे ते सांगून टाकलं, हे मला आवडलं.

त्याच्या शेवटाची ओळ लिहायला मात्र जिवावर आलं. त्याचा एक चिटणीस शिक्षेला घाबरला होता. त्याने मारायच्या माणसांची खोटी यादी बनवली आणि ज्यांची नावं त्यात घातली त्या अधिकाऱ्यांनाच ती दाखवली. जीव वाचवायला त्यांनी २७५ मध्ये थ्रेसमधल्या कीनोफ्रुरियमजवळ सम्राटाला मारलं. यादी खोटी होती हे नंतर कळलं.

पान संपलं तरी एक सुटा कागद घालावा लागला, दुसऱ्या डोमिशियनसाठी. १९०० साली फ्रान्समध्ये याचं एक नाणं सापडलं होतं. असा सम्राट झालाच नाही म्हणून ते बनावट मानलं गेलं. मग २००३ मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या चालग्रोव्ह गावी मातीच्या भांड्यात सुमारे पाच हजार नाणी मिळाली आणि त्यांत त्याच साच्यातलं दुसरं निघालं. २७१ च्या सुमारास गॉलमध्ये हा माणूस सम्राट म्हणवत होता. एका नाण्याने त्याला शंभर वर्षं खोटा ठरवलं, दुसऱ्याने खरा केला. त्याच्या दाढीचा आकार मला अजून नीट जमलेला नाही. कुणाकडे त्या दुसऱ्या नाण्याचं मोठं, स्पष्ट छायाचित्र असेल तर जरूर कळवा.

क्विंटिलसचं चित्रही मनासारखं नाही, तो फार क्लॉडियससारखा दिसतोय. नाण्यांवरही तसाच दिसतो म्हणा, पण फरक नाकाच्या वळणात असावा असं वाटतं.

शनिवारी टॅसिटसला सुरुवात करतोय, मग फ्लोरियन, आणि ज्याची मी कधीपासून वाट पाहतोय तो प्रोबस. त्याआधी शुक्रवारची संध्याकाळ अडतिसाव्या पानाची. चौथी घडी अजून कोरी आहे. शेवटच्या दिवसांत गॅलिएनसने देवांकडे रक्षण मागत नाण्यांवर एकेका देवाचा प्राणी कोरून घेतला होता. त्यातलं डायनाचं हरीण मला तिथे काढायचं आहे.