९६ मशीन, १०८ डिस्क: ऑफिसचे जुने कॉम्प्युटर मोडीत काढण्याचा माझा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, सातव्यातले मोजके सोडून बाकीचेही नाहीत. म्हणून आमच्या पुण्यातल्या बाणेरच्या ऑफिसातले ५८ डेस्कटॉप आणि ३८ लॅपटॉप एकदमच मोडीत निघाले. अकाउंट्सच्या रजिस्टरमध्ये नोंदी ९६. मशीन खोलून मोजल्यावर डिस्क निघाल्या १०८. या जास्तीच्या बाराचा हिशेब लागेपर्यंत भंगाराचा टेम्पो बोलवायचा नाही, असं ठरवून टाकलं.

अकरा डेस्कटॉपमध्ये समोर दिसणाऱ्या हार्ड डिस्कखेरीज मदरबोर्डवर एम.२ कार्ड (छोट्या पट्टीसारखी डिस्क) होतं, हार्ड डिस्कच्या चौकटीखाली दडलेलं. त्यातली तीन इंटेलची १६ जीबीची ऑप्टेन. ती कॅशे (वेग वाढवणारी मधली साठवण) म्हणून बसवतात, पण रॅमसारखी वीज गेल्यावर रिकामी होत नाहीत. बारावी डिस्क फोटोकॉपी मशीनच्या पोटात सापडली. ते यादीत नव्हतंच, पण त्याच टेम्पोत जाणार होतं, आणि स्कॅन केलेली पानं त्या डिस्कवर राहू शकतात. रजिस्टरला मशीनचा नंबर कळतो, डेटा मात्र डिस्कवर असतो. म्हणून प्रत्येक डिस्कची स्वतंत्र ओळ केली: ॲसेट टॅग (कंपनीने मशीनला दिलेला नंबर), मशीनचा सिरियल नंबर, डिस्कचा सिरियल नंबर, पुसण्याची पद्धत, तारीख, सही. नंबर हाताने उतरवू नका, ८ आणि बी यांचा घोळ होतोच. साधा बारकोड स्कॅनर पुरतो.

पुसण्याआधीची कामं किरकोळ वाटतात, पण मागे फिरता येत नाही. टॅलीचं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स त्या मशीनवरून सरेंडर करा, मगच डिस्कला हात लावा. आउटलुकच्या पीएसटी फायली (मशीनवर साठवलेले ईमेल) शोधा. सीपीयूच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये कुणाचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन राहिलंय का तेही बघा. आम्हाला दोन सापडली. बिटलॉकरच्या (विंडोजच्या डिस्क-कुलपाच्या) रिकव्हरी की सगळं संपेपर्यंत जपून ठेवा. ऑटोपायलटमधून (मशीन कंपनीच्या नावावर नोंदवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेतून) मशीन काढलं नाही, तर पुढच्या माणसाने विंडोज टाकल्यावर त्याला आपल्या कंपनीचं लॉगिन दिसतं. बायोसचा (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) पासवर्डही काढायचा.

आता मुख्य काम. फॉरमॅट म्हणजे पुसणं नव्हे, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण हार्ड डिस्कसाठीचं ओव्हरराइटचं (जुन्या डेटावर नवं लिहून टाकण्याचं) सॉफ्टवेअर एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवरच्या डिस्कवर) चालवणारे अजून भेटतात. झीज सगळ्या सेलमध्ये (डेटा साठवणाऱ्या कप्प्यांत) सारखी विभागली जावी म्हणून एसएसडी काही सेल राखीव ठेवते आणि पत्ते सतत फिरवते. बाहेरून शून्यं लिहिली तरी ती राखीव सेलपर्यंत पोचतीलच असं नाही. तिला आतूनच आज्ञा द्यावी लागते: साटा (जुनी जोडणी) असेल तर सिक्युअर इरेज, एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) असेल तर सॅनिटाइझ. कंपन्यांसाठीच्या बऱ्याच डेल आणि एचपी मशीनच्या बायोसमध्ये ही सोय असते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून केलं तर साटा डिस्क ‘फ्रोझन’ असल्याचा संदेश येतो, कारण बायोस सुरू होतानाच ती आज्ञा बंद करून टाकतो. मशीन स्लीपमध्ये टाकून जागं केलं की बहुधा सुटते. यूएसबी अडॅप्टरमधून मात्र नादी लागू नका, ही आज्ञा पुष्कळदा पलीकडे जातच नाही.

हार्ड डिस्कला वेळ लागतो. ५०० जीबीच्या एका फेरीला दीड ते दोन तास, पडताळून वाचायला जवळपास तेवढेच. एक फेरी पुरे. सात फेऱ्यांचा आग्रह जुन्या काळचा. पण बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) वाढलेली डिस्क पुसण्याच्या भानगडीत पडू नका. बदलून बाजूला टाकलेल्या सेक्टरमध्ये ओव्हरराइट पोचत नाही, आणि त्यांत जुना डेटा तसाच राहू शकतो. अशा आणि सुरूच न होणाऱ्या मिळून आमच्या नऊ होत्या. त्या ऑफिसच्या आवारात, समोर उभं राहून श्रेड करून (मशीनने तुकडे करून) घेतल्या. ड्रिलने भोक पाडण्याचा सल्ला सगळेच देतात. अडीच इंची एसएसडी खोलून बघा: आतला बोर्ड अनेकदा अर्ध्याच डबीत असतो आणि ड्रिल रिकाम्या जागेतून आरपार जातं. चुंबकाचा तर एसएसडीवर काही परिणाम नाही.

कागदपत्रं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत नोंदणी चौघांचीच: निर्माता, उत्पादक, रिफर्बिशर (दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा), रिसायकलर. जुन्या नियमांतला ‘डिस्मँटलर’ (मशीन सुटं करणारा) त्यात नाही, तरी तो कागद पुढे करणारे येतात. नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासा आणि राज्य मंडळाच्या संमतीपत्राची मुदत बघा. वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी कंपनी ‘बल्क कन्झ्युमर’ ठरते आणि तिला नोंदणी असलेल्याकडेच माल द्यावा लागतो. हजारच्या आत असलात तरी जुन्या बाजाराचा मोह नको. हिंजवडी-खराडीत एसटीपीआय (सरकारी सॉफ्टवेअर पार्क योजना) किंवा सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) असाल, तर ड्युटी न भरता आणलेलं मशीन डीबाँड (कस्टम्सच्या बंधनातून मोकळं) झाल्याशिवाय गेटबाहेर नेता येत नाही. हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

विक्रीचं जीएसटी बिल लागतंच. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेल्या मशीनवर तिमाहीला ५ टक्के घटवून उरलेलं क्रेडिट किंवा विक्रीवरचा कर, यातली मोठी रक्कम भरायची. २० तिमाही उलटल्या की पहिला आकडा शून्य. राज्यातल्या राज्यात माल एक लाख रुपयांवर गेला तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं. वजन आपल्या डोळ्यांदेखत काट्यावर करून घ्या आणि चलनावर किलो व नग दोन्ही लिहून घ्या.

फुगलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या पाच निघाल्या. त्या दाबून, उचकटून काढायच्या नाहीत. सहज सुटल्या तर टर्मिनलवर टेप लावून वाळूच्या डब्यात ठेवायच्या. नाहीतर अख्खा लॅपटॉप वेगळा ठेवून चलनावर तसं लिहायचं. यूपीएसच्या लेड बॅटऱ्यांचे नियम निराळे, त्या या टेम्पोत चढवल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी श्रेडिंगचं प्रमाणपत्र आलं: ‘हार्ड डिस्क, ९ नग’. सिरियल नंबर एकही नाही. परत पाठवलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा नऊ नंबर होते, पण एक आमच्या यादीशी जुळेना. शेवटी श्रेड करण्याआधी काढलेल्या लेबलच्या फोटोशी ताडून पाहिलं. त्यांच्याकडे टाइप करताना ८ चा बी झाला होता.