लोणारच्या माळावरचे काटे

मार्चमधल्या एका सकाळी मेहकरहून निघालेल्या एसटीतून मी लोणारच्या अलीकडच्याच एका फाट्यावर उतरलो, कारण या वेळी मला सरोवर नव्हे, तर भोवतालचा काटेरी माळ पाहायचा होता. काळ्या खडकावर जेमतेम वीतभर मुरूम आणि त्यात हिवर, बाभूळ, बोर, हिंगण. आपण ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो ती ही जमीन.

सगळे काटे सारखेच, हा समज जवळून पाहिल्यावर टिकत नाही. बाभळीचे काटे पानाच्या देठाशी जोडीने येतात, कारण ती मुळात उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना येणारी छोटी पानासारखी अंगे आहेत. बोरीचेही तसेच, पण तिच्या जोडीतला बहुधा एक काटा सरळ आणि दुसरा आकडीसारखा वाकडा असतो. त्यामुळे बोरीत अडकलेली बाही पुढेही ओढता येत नाही आणि मागेही. हिंगणाचा बोटभर लांब, हिरवा काटा मी निरखत होतो, तेव्हा शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, “नीट पाहा भाऊ, याच्या काट्यालेच पान फुटते.” खरोखरच त्या काट्याच्या मध्यावर दोन पर्णिकांचे कोवळे पान होते. हिंगणाचा काटा म्हणजे टोकदार झालेली फांदीच, आणि हिरवेपणामुळे ती अन्नही तयार करते.

काट्यांनी जनावर थोपवले तरी ऊन थोपत नाही. त्यासाठी बाभळीने आणि हिवराने पानांचे इतके बारीक तुकडे केले आहेत की ती फारशी तापत नाहीत. बोरीचे पान मी उलटे केले, तर खालून पांढरी दाट लव होती. पर्णरंध्रांजवळची, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांजवळची दमट हवा ती धरून ठेवते आणि कोरड्या वाऱ्यातही पाणी कमी उडते. जमिनीखाली सोटमूळ खडकाच्या भेगांतून ओल शोधत खोल जाते.

सरोवराच्या काठी माजलेली वेडी बाभूळ मात्र मूळची अमेरिका खंडातील. तिला या माळाची सोबतीण मानायला माझे मन तयार होत नाही.

परतताना एका जुन्या गावठी बाभळीपाशी थांबलो. शेजारच्या रोपट्यावर लांब पांढरे काटे होते, पण शेळीचे तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवरच्या तिच्या फांद्यांवर काटे जवळपास नव्हतेच. आजोबांनी आकडीने फांदी हलवली, शेंगा खाली पडल्या आणि शेळ्या धावत आल्या. त्यांच्या पोटातून गेलेले बी लवकर रुजते.