तुम्ही विचारलंत म्हणून: खोबरेल महागलं, मग साबणाची वडी त्याच भावात कशी?

भेटेल तो हेच विचारतो, खोबरेल एवढं महागलं तरी तुमच्या साबणाचा भाव तोच कसा, काही भेसळ-बिसळ करता की काय. (हे शेवटचं फक्त नात्यातले विचारतात.) म्हणून एकदाच लिहून टाकते.

खरं सांगू का, पहिली दोन वर्षं मला माझीच वडी केवढ्याला पडते ते माहीत नव्हतं. इथल्या, इंदूरच्या सियागंज बाजारातून तेल आणायचं, बिल ड्रॉवरमध्ये कोंबायचं, विकून हातात आले ते पैसे आपले. डोळे उघडले रामबागेतल्या एका काकूंनी. मी लेबलवर 100 ग्राम लिहायचे, त्यांनी घरच्या काट्यावर ठेवली तर 88. "अगं, बारा ग्राम कुठे गेले माझे?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेले कुठे, उडाले, एक किलो तेलाला 300 ग्राम पाणी घालतो आपण, ते महिना-दीड महिन्यात वाळतंच की. तेव्हापासून मी 115 ग्राम ओतते आणि एक किलो तेलाच्या बॅचच्या (वर पाणी आणि तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा) 14 नाही, 12 वड्या धरते. म्हणजे इतके दिवस प्रत्येक बॅचला दोन वड्या हवेतल्या विकत होते!

दुसरी गंमत लिटरची. तेल लिटरवर घ्यायचं आणि रेसिपी ग्रामात, एक लिटर म्हणजे साधारण 910-920 ग्रामच भरतं, मी सरळ किलो धरून हिशेब करायचे.

आणि एकदा दुकानदार म्हणाला, "दीदी, दो डब्बे ले जाओ, ये भाव फिर नहीं मिलेगा", घेतले. सोयाबीनचे. इंदूरचा मे महिना, वर पत्र्याची खोली, तेल खवट झालं आणि तयार साबणावर केशरी ठिपके. अख्खी बॅच घरात भांडी घासायला. आता दीड महिन्याला पुरेल एवढंच आणते, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

तर आता भाव. खोबरेल एक किलो तेलात 300 ग्राम घालायचे ते 200 केलं, त्या जागी 70 सोयाबीन आणि 30 एरंडेल, फेस धरून ठेवायला. पण नुसती अदलाबदल करू नका हं, खोबरेलाला कॉस्टिक जास्त लागतं, तेवढ्या बदलाला साधारण 5 ग्राम कमी करावं लागतं, नाहीतर मऊपणासाठी जास्तीचं तेल ठेवतो ते बरंचसं कॉस्टिकच खाऊन टाकतं आणि साबण कातडी ओढतो. आणि हो, वडी आधीपेक्षा मऊ निघते, चारऐवजी सहा आठवडे वाळवावी लागते. फेसही थोडा कमी, खोटं कशाला बोलू.

पण खरा पैसा वाचला तो वासात. किलोला 30 ग्राम लॅव्हेंडरचं सुगंधी तेल घालायचे, आणि बॅचमधल्या सगळ्या तेलांपेक्षा तेच महाग पडायचं! एवढे दिवस खोबरेलाच्या नावाने रडत होते मी. आता रोजच्या वडीत गवती चहाचं तेल, लॅव्हेंडर फक्त ऑर्डर असेल तरच.

डबीही बंद, बटर पेपर आणि सुतळी. दिवाळीला गिफ्टसाठी डबी हवी असेल तर आधी सांगा, तिचे पैसे वेगळे.