टोळीचं पोर शाळेच्या दारात आलं की

दिवाळी सरली की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी, अथणी, रायबाग भागात ऊसतोड सुरू होते. बीडकडच्या टोळ्या येतात, कारखान्याजवळच्या माळावर खोप्या पडतात. त्या खोप्यांतली मुलं मराठी बोलतात, म्हणजे त्यांना वर्गात घ्यायची पहिली जबाबदारी आपल्या मराठी शाळांवर येते. तरी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कितीतरी पोरी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन तिथंच बसलेल्या दिसतात. शाळेकडून उत्तर ठरलेलं असतं: दाखला नाही, अर्धं वर्ष संपलं, पटावर घ्यायचं कसं?

शिक्षण हक्क कायदा, २००९ यातली एकही सबब मानत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम ५), वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही (कलम १४), मुदत टळली म्हणूनही नाही (कलम १५). आणि मूल मागं पडलं असेल तर त्याला वयाला साजेशा वर्गात बसवून वेगळं शिकवायचं (कलम ४). एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, प्रत्येक सदस्याला ही चार कलमं पाठ हवीत.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा मुकादमाला गाठा, तेही संध्याकाळी. टोळी पहाटेच फडात जाते. पण त्याच्या यादीवर विसंबू नका. त्यात कोयते मोजलेले असतात, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुलं नसतात. खोप्या फिरूनच मोजावं लागतं. आधीच्या शाळेचं नाव, इयत्ता आणि यू-डायसचा पेन क्रमांक (देशभरच्या शाळा-नोंदीतला मुलाचा कायमचा क्रमांक) विचारा. आईबापाला तो ठाऊक नसेल तर गावच्या मुख्याध्यापकांना फोन लावा. आपल्या एसएटीएसमध्ये, म्हणजे कर्नाटकच्या विद्यार्थी-नोंदणीच्या संगणक प्रणालीत, नोंद होईपर्यंत मुलाला बाहेर ठेवायचं कारण नाही. हजेरी कागदावर सुरू करा. तीन वर्षांवरच्या भावंडाचं नाव त्याच दिवशी अंगणवाडीत घाला. नाहीतर मोठी बहीण पटावर येईल, वर्गात येणार नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते बसवण्यात. वाचता येत नाही म्हणून दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं की ते लाजेनंच शाळा सोडतं. अक्षर, शब्द, परिच्छेद एवढं वाचून घेऊन ते कुठं अडतं ते बघा. रोज एक तास वेगळा द्या, बाकी वेळ ते आपल्या वयाच्या मुलांत बसू दे, शेवटच्या बाकावर नको. दाखला आणि प्रगतीचा कागद फेब्रुवारीअखेर तयार ठेवा. पट्टा पडला की टोळी रातोरात निघते, मग कागद शाळेत आणि मूल गावाला.

आपण सीमाभागातली मराठी माणसं घटनेच्या कलम ३५०-अ चा आधार घेतो: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी. ही मागणी रास्तच आहे. पण आपल्याच शाळेत जे संख्येनं थोडे आहेत त्यांना दारात तिष्ठत ठेवलं, तर ती मागणी करताना आपला आवाज लटका पडतो, असं मला मनापासून वाटतं.

शाळा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, हे त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं. कागदावर तसं असतंही. पण बैठक सकाळी अकराला ठेवली की निपाणीची तंबाखूच्या वखारीत जाणारी आई येणार कशी? रोजगार बुडवून कुणी येत नाही. बैठक संध्याकाळी घ्या. कन्नडमध्ये आलेलं परिपत्रक मराठीत मोठ्यानं वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना व्हॉट्सअॅपवर आवाजात पाठवा.

जेवणाच्या वेळी अंडी खाणारे एका ओळीत आणि केळं घेणारे दुसऱ्या, अशी वाटणी मुळीच करू नका. कोण कुठल्या घरचं हे त्यातून सगळ्यांना कळतं. पंगत एकच ठेवा, दोन्ही एकाच ताटात फिरवा.

दिव्यांग मुलांसाठीचा उतार बहुतेक शाळांत असतो, वापरता येण्याजोगा क्वचितच. प्रमाण १ ला १२ हवं. जोतं ४५ सेंटीमीटर उंच असेल तर उतार ५.४ मीटर लांब लागतो. जागा नाही म्हणून दीड मीटरात उरकला की चाकाची खुर्ची चढत नाही आणि उतरताना पोर पुढं कलंडतं. जागा कमी असेल तर उतार मध्येच वळवा, पण तीव्र करू नका. रुंदी १.२ मीटर, आणि वर दारासमोर खुर्ची वळायला दीड मीटर सपाट जागा ठेवा. खानापूर भागातल्या पावसात गुळगुळीत सिमेंटवर शेवाळ धरतं, म्हणून ओल्या सिमेंटवर झाडू आडवा ओढून ते खरबरीत करा. शौचालयाचं दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडलं की खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही.

हे सगळं शाळेच्या पैशात होत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीची मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, आहे, तिथं मुलं स्वतः मागणी मांडू शकतात. ‘शाळा सुधारा’ असं लिहिलं की अर्ज फायलीत जातो. एका अर्जात एकच मागणी, मोजमाप आणि फोटोसह लिहू द्या: ‘चौथीच्या वर्गापुढं ५.४ मीटरचा उतार.’ घटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं मराठीतही देता येतं. पण पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) कन्नडमध्ये नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवू नये, यासाठी कन्नड प्रत जोडा. शाळेतले कन्नडचे शिक्षक आणि मुलं मिळून ती तयार करतील. शिक्क्याची पोच घ्या, तारीख वहीत लिहा. आणि पुढच्या सभेत नवीन मागणी काढण्याआधी मागच्या प्रत्येक अर्जाचं काय झालं, ते मुलांनीच त्या वहीतून वाचून विचारावं.