ऑफ तासाची गोष्ट

आठवीत असताना एका ऑफ तासाला विज्ञानाच्या बाई वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन आल्या आणि लेखकाचं नाव न सांगता ‘कृष्णविवर’ ही कथा वाचू लागल्या. घंटा झाली तरी कोणी जागचं हललं नाही. “कोणी लिहिली असेल?” बाईंनी विचारलं. आम्हाला वाटलं, इंग्रजीवरून घेतली असणार. “नाही रे, मराठीतच लिहिलीय. डॉ. जयंत नारळीकरांनी.”

बाईंनी नाव का झाकलं असेल, ते पुढे उमगलं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ही कथा गेली तेव्हा तिच्यावर नाव होतं नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतलेली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. लिहिणारा कोण? केंब्रिजचा रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला, वयाच्या 26व्या वर्षी पद्मभूषण मिळालेला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला प्राध्यापक. नुसत्या नावावर कथा कुठेही छापून आली असती. तरी त्यांनी ती पारखायला दिली, याचं मला आजही फार मोल वाटतं.

बाईंमुळेच मी ग्रंथालयाच्या कपाटाशी गेलो. नारळीकरांचे वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार, हे तिथेच वाचलं. केंब्रिजला त्यांना मार्गदर्शक मिळाले ते फ्रेड हॉइल, आणि तेही विज्ञान कादंबऱ्या लिहिणारे! विश्व प्रसरण पावतं तसं नवं द्रव्य निर्माण होत राहतं, त्याला सुरुवातच नाही, असं हॉइल मांडत. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली असं होतं. बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने गेले, पण नारळीकर अखेरपर्यंत त्यावर शंका घेत राहिले. मला तर त्यांच्या संशोधनात आणि कथांत एकच खोड दिसते: सगळे मानतात ते तसं नसेल तर? ‘वामन परत न आला’मध्ये माणसापेक्षा शहाण्या यंत्राचा प्रश्न त्यांनी संगणक घरोघरी येण्याआधीच विचारला होता. ती कादंबरी मी दोन रात्रींत संपवली. पुढे 1988 साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, त्याचं श्रेय त्यांचंच.

मुलांना ते नुसती सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत. मी लगेच कार्ड आणलं. पत्ता लिहिला. प्रश्न होता, कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, तर ते आहे हे कळतं कसं? बाई म्हणाल्या, “आधी पुस्तकात शोध. सापडलं तर त्यांचा वेळ घेऊ नकोस.” आठवड्याने सापडलं: आत ओढला जाणारा वायू प्रचंड तापतो आणि क्ष-किरण फेकतो. कार्ड तसंच राहिलं. पुढचे दोन प्रश्नही असेच पुस्तकांत सुटले.

जगतापांची हकिकत कळल्यावर मात्र खरा प्रश्न सुचला. तोवर मी नोकरीला लागलो होतो. लिहू, टाकू म्हणत राहिलो. 20 मे 2025 रोजी पुण्यात ते गेले. त्या संध्याकाळी जुनं कार्ड काढून त्यावर लिहिलं: “सर, जगतापांना बक्षीस मिळालं नसतं, तर पुढची कथा कोणाच्या नावाने आली असती?”